आईचा एकही फोटो नाय

माझं गाव राजापूरच्या बाजूला, खाडीच्या आतल्या अंगाला, आणि बापूस माझा आचारी, लग्नकार्यात जेवण करायचा. त्यामुळे काय सांगू तुम्हाला, लग्न मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते मागच्या दाराने. पुढे मांडवात अक्षता पडायच्या आणि आम्ही मागे चुलाणाजवळ, धुराने डोळे चोळत, नवरीची आई मागे येऊन रडायची आणि बापूस तिला बोलायचा, वहिनी, इकडे रडा हवं तेवढं, धुराचं निमित्त आहे. नवरी तयार कशी झाली, हार कसा घातला हे मला माहीतच नसायचं, पण कोण कुठे लपून रडलं ते सगळं माहीत. म्हणून मी नेहमी बोलते की माझं शिक्षण तिथंच झालं, नायतर शाळेत मी काय दिवे लावले ते विचारू नका.

लग्न झालं आणि मस्कतला आले. आमचे हे रुसैलला एका कारखान्यात मेंटेनन्सला, अजून तिथेच आहेत. पहिली वर्षं रुवीला एका घरात दोन कुटुंबं अशी काढली, मग मवालेहला आलो, भाजी मार्केट जवळ, तेव्हापासून तिथेच. मुलगी लहान होती, दुपारभर घरात बसून मी भिंतींशी बोलायला लागले होते. तेव्हा सीबला एक लेडीज स्टुडिओ होता, ओमानी बाईचा, तिला हिंदी समजणारी मदतनीस पाहिजे होती. तिला सगळे उम्म सालेम बोलायचे, म्हणजे सालेमची आई, इकडे बाईला अशीच हाक मारतात. हिंदी तिची माझ्यापेक्षा चांगली. मी लाईटचे स्टँड उचलायला लागले आणि तिकडच्या फिलिपिनो मुलीने मला कॅमेरा शिकवला, ती परत गेली तेव्हा उम्म सालेमने कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि बोलली, यल्ला, आता तू.

आता इकडची पद्धत तुम्हाला सांगायला पाहिजे, नायतर पुढचं कळणार नाय. इकडे लग्नात बायकांचा हॉल वेगळा. आत एक पुरुष नाय, म्हणून बायका छान नटून, केस मोकळे सोडून बसतात, आणि दारात सगळ्यांचे फोन काढून घेतात. फोटो काढणारी बाईच लागते, आणि ती कुणाची कोण हे घरच्यांना माहीत पाहिजे. उम्म सालेमचे कायदे दोनच होते. हॉल सोडायच्या आधी कॅमेऱ्यातलं कार्ड नवरीच्या आईच्या हातात द्यायचं, आपल्याकडे एक फोटो ठेवायचा नाय. आणि एखादीने ओढणी तोंडाजवळ नेली की कॅमेरा खाली. विचारायचं नाय, हसून आग्रह करायचा नाय, काही नाय. ती बोलायची, जिने ओढणी उचलली ती तुझ्यासाठी तिथे बसलेलीच नाय, खलास. मला ते इतकं अंगवळणी पडलं की पुढे पुढे समोरच्या बाईचा हात हलला की माझा हात आपोआप खाली यायचा. मी त्यात एकदम तरबेज, हां, मला अभिमान होता त्याचा. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका विचारायच्या, अगं रंजना, एवढी श्रीमंत लग्नं करतेस, दाखव ना नवरीचे दागिने. मी बोलायचे, दागिने बघायचे तर सोनाराकडे जा.

तर विद्या मिस. नाव मी बदललंय, सगळीच बदललीत, तुम्ही पण तशीच ठेवा. विद्या मिस मूळची सिन्नरची, इकडे शाळेत शिकवायची आणि मदिनत सुलतान काबूसला राहायची, आणि शुक्रवारी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायची, कारण आमची मुलं आपापसात इंग्लिशच बोलतात, माझी मुलगी मराठी बोलते ते परीक्षेला बसल्यासारखी. मिसच्या बरोबर फ्लॅटमध्ये बीना राहायची, केरळची, हॉस्पिटलात नर्स. दोघी बरीच वर्षं एकत्र. इकडे दोन एकट्या बायका खोली वाटून घेतात त्यात कुणाला काय वाटणार, मला पण काय नाय वाटलं.

एकदा दोघी घरी आल्या, केळ्याचे वेफर्स घेऊन, चहा झाला, आणि मिस बोलली, रंजनाताई, डिसेंबरच्या सुट्टीत लग्न आहे माझं, गुहागरला, तुम्ही पण तेव्हा गावी असता, तर फोटो तुम्ही काढायचे. मी खूश, मी बोलले, अरे वा, आणि नवरा काय करतो? मग मिस बोलली, नवरा नाही ताई, ही बसलीये ना समोर.

मी कप उचलले आणि किचनमध्ये गेले, नळ सोडला आणि उभी राहिले. आता खोटं कशाला बोलू, मला किळसबिळस नाय आली, पण भीती वाटली, चांगलीच वाटली. इकडचा कायदा माहीत आहे तुम्हाला, असल्या जोडप्याला सरळ जेल. आमचा व्हिसा, यांची नोकरी, मुलीची शाळा, सगळं एका धाग्यावर. बाहेर आले आणि बोलले, मिस, मीच का? गुहागरात काय फोटोवाल्यांचा दुष्काळ पडलाय? तर ती बोलली, इतकी वर्षं तुम्ही मस्कतमध्ये बायकांच्या लग्नांचे फोटो काढताय, त्यातला एक फोटो कुणी बघितलाय का? आम्हाला असा माणूस पाहिजे. मला आयुष्यात कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं हो. रात्री यांना सांगितलं, तर हे भात कालवत बसले नुसते, मग बोलले, आपल्या व्हिसाला काय होणार नाय ना? मी बोलले, लग्न गुहागरात आहे, आपल्या देशात. कागदावर तिकडे पण ते लग्न धरत नाय, पण हार घालायला कुणी पकडत नाय. हे बोलले, मग जा. एवढंच. आमच्या यांचा स्वभाव तसाच, शब्द मोजून वापरतात.

गुहागरला नारळी-पोफळीच्या वाडीत एक घर घेतलं होतं. मोजकीच माणसं, सगळी मैत्रिणी-मित्र, घरचं कुणी नाय. बीनाच्या घरच्यांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. मिसला दोन भाऊ, त्यांना पत्ता नाय, वडील नाहीत. पण आईला तिने फोन करून सांगितलं होतं, ये किंवा नको येऊस, मी सांगितलं. त्याच्या आधी दोन-तीन वर्षं मायलेकींचं धड बोलणं नव्हतं. मिसने पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आईने तिला दारातून परत पाठवलं होतं, आणि असं काहीतरी बोलली होती जे मिसने मला कधी सांगितलं नाय. त्यामुळे मिस तयार होत होती पण कान सगळे फाटकाकडे. आणि आली हो आई. दुपारी एसटीने आली, हातात कापडी पिशवी, मुलांना सांगून आली होती की भजनी मंडळाबरोबर गणपतीपुळ्याला चालले. आली, मुलीकडे बघितलं, काय बोलली नाय, पोफळीजवळ एक खुर्ची होती तिच्यावर जाऊन बसली.

आंतरपाट दोन मैत्रिणींनी धरला, मंगलाष्टका एका मित्राने म्हटल्या, सूर असा की सगळे हसले, आणि मी फोटो काढत होते. आणि आईकडे कॅमेरा वळला की तिचा पदर तोंडाला. मी कॅमेरा खाली. पुन्हा थोड्या वेळाने वळवला, पुन्हा पदर. पुन्हा खाली. हार घातले तेव्हा, सप्तपदीला, जेवताना. मी मनात बोलले, बाईला फोटोत यायचं नाय, मुलांपासून लपून आलीये, बरोबरच आहे, आणि मी तिला पूर्ण सोडली. उम्म सालेमच्या भाषेत सांगायचं तर ती बाई माझ्यासाठी तिथे नव्हती. संध्याकाळी कार्ड मिसच्या हातात दिलं आणि राजापूरची गाडी धरली. मला वाटलं, काम छान झालं.

जानेवारीत सगळे मस्कतला परत. मिसने घरी बोलावलं, लॅपटॉपवर सगळे फोटो बघितले, हसली, बीनाने पायसम केलं होतं. आणि शेवटी मिस बोलली, ताई, आईचा एकही नाही? मी अगदी सहज बोलले, अहो त्या तोंड झाकत होत्या, त्यांना नको होतं. मिसने लॅपटॉप बंद केला. बोलली, म्हणजे आली, पण लाज वाटत होती तिला. मी पायसम खाल्लं आणि घरी आले.

मग एक दिवस बीना मला भाजी मार्केटला भेटली, पडवळ निवडत होती. बोलली, ताई, विद्या आईचा फोन उचलत नाय. लग्नानंतर आई आठवड्याला फोन करते, फोटो बघितल्यापासून ही वाजू देते. बोलते, जिला माझ्या बाजूला उभं राहायची लाज वाटते तिच्याशी काय बोलू. आणि बीना तिथेच रडायला लागली, हातात पडवळ, आणि रडताना तिने काय केलं असेल, तर ओढणी उचलली आणि तोंडाला लावली.

मला असं काय झालं सांगू. मला आमच्या चुलाणाजवळच्या सगळ्या बायका आठवल्या, नवरीच्या आया, मावश्या, आत्या, पदर तोंडाला लावून उभ्या. अगं, आपल्यात पदर तोंडाला लावतात तो काय फोटो नको म्हणून? रडू येतं म्हणून लावतात. मी राजापूरची बाई, आचाऱ्याची पोर, आणि मला पदर वाचता येऊ नये? मस्कतच्या हॉलमध्ये शिकले ते घेऊन मी गुहागरच्या वाडीत गेले आणि सिन्नरच्या बाईला लावून आले. मला माझाच असा राग आला की मी भाजी न घेताच घरी आले, आणि यांनी विचारलं आज जेवायला काय, तर यांच्यावरच ओरडले.

बीनाकडून आईचा नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोन लावला. मी बोलले, मावशी, मी रंजना, लग्नात फोटो काढत होते ती. आई बोलली, हां, तू ती फोटोवाली बाई. तुला माझ्या पोरीने सांगून ठेवलं होतं ना, आईला फोटोत घेऊ नको म्हणून? मी बोलले, नाय हो मावशी, असं कोण बोललं तुम्हाला? तर बोलली, कोणी कशाला सांगायला पाहिजे, मला दिसत नव्हतं का, तू माझ्याकडे वळायचीस आणि लगेच कॅमेरा खाली करायचीस, सगळ्यांचे काढलेस, वाढणाऱ्या बाईचा पण काढलास. मी म्हटलं बरोबर आहे तिचं. मी तिला दारातून घालवलं, मेलीस तर बरं असं बोलले पोटच्या पोरीला, तिने येऊ दिलं हेच पुष्कळ, फोटोत कशाला घेईल. आता फोन पण घेत नाही. मी विचारलं, मग मावशी, तुम्ही तोंड का झाकत होतात? तर ती चिडली, बोलली, मग काय चार माणसांत तोंड उघडं ठेवून रडू?

बघा म्हणजे. मुलीला वाटतंय आईला लाज वाटली, आईला वाटतंय मुलीने फोटोतून काढून टाकलं, आणि दोघींच्या मध्ये मी, माझा तो खाली येणारा हात. तशीच टॅक्सी केली आणि मिसकडे गेले. सगळं सांगितलं, अक्षर न सोडता. मिस माझ्यावर भडकली, आणि भडकायलाच पाहिजे होती. बोलली, ताई, तुम्ही विचारलं का नाही तिला? एकदा जवळ जाऊन विचारायचं ना, फोटो काढू का? मी बोलले, आमच्या कामात विचारत नाहीत. ती बोलली, ते तुमच्या कामात, ती माझी आई होती. मग तिने फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. बीनाने मला चहा दिला, तो गार झाला, दुसरा दिला. आतून पहिल्यांदा काहीच ऐकू येईना, मग मिसच्या रडण्याचा आवाज आला, आणि मग, खरं सांगते, हसण्याचा. तेव्हा मी उठले आणि न सांगता निघाले.

आई मार्चमध्ये व्हिजिट व्हिसावर आली. मुलांना सांगितलं, विद्या इतकी वर्षं एकटी राहते, जाऊन येते. मला बोलावणं आलं, कॅमेरा घेऊन या. मस्कतमध्ये असलं काम मी करत नाय, कधीच नाय, ते मी पहिल्या दिवसापासून ठरवलंय, ज्या देशाचं मीठ खातो तिकडचा कायदा मोडून चालत नाय, आणि पकडले गेले तर तीन घरं उठतील. पण एक आई आणि दोन बायका घरात बसल्यात, याचा फोटो काढायला कुणाची परवानगी लागते? मी गेले.

आईने जांभळी पैठणी काढली होती. बोलली, तुम्हा शिकलेल्या पोरींनी हार घातले, सप्तपदी केली, आणि सूनमुख? ते कुणी केलं? आपल्यात ते असतं ना, लग्न लागलं की सासू नव्या सुनेला शेजारी घेऊन बसते आणि आरशात तिचं तोंड बघते, आणि मग तिला काहीतरी घालते, म्हणजे घरात घेतली. मिस बोलली, अगं आई, आता कशाला. तर आई बोलली, मी आता आले, तर आता. बाथरूममधला आरसा भिंतीवर पक्का बसवलेला, तो निघेना, शेवटी बीनाच्या मेकअपचा छोटा आरसा आणला, पावाच्या स्लाइसएवढा. आई सोफ्यावर मध्ये बसली, एका बाजूला मिस, एका बाजूला बीना. आरसा एवढासा, तिघी त्यात मावत नव्हत्या, म्हणून तिघींनी डोकी एकमेकांना चिकटवली. बीनाला मराठी कामापुरतं येतं, तिला काय चाललंय कळत नव्हतं, ती आरशात आपली टिकली नीट करत होती. आईने आरशात तिच्याकडे बघितलं, बराच वेळ, मग आपल्या गळ्यातली बोरमाळ काढली आणि तिच्या गळ्यात घातली आणि बोलली, काळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो माझी सून. बीनाला सून शब्द माहीत होता. ती एकदम वाकली पायाशी, आणि आईला रडू फुटलं आणि पदर गेला तोंडाला.

आणि माझा हात खाली आला. इतक्या वर्षांची सवय, काय करणार. तर पदराच्या आतून आई बोलली, थांबलीस का गं बाई, काढ की. मग काढले. मलाच नीट दिसत नव्हतं, दोन-तीन हलले पण आहेत, मिसला तेच जास्त आवडतात.

त्याच्यानंतर काम वाढलं. जाहिरात नाय, पाटी नाय, दाखवायला एक फोटो नाय. पुण्याच्या एका बाईने विचारलं, तुमचं जुनं काम बघायला मिळेल का, मी बोलले, तुमचं पण कुणाला बघायला मिळणार नाय. एकाने दुसऱ्याला सांगायचं, असं. इकडे आखातात नोकरीला असलेली आपली मुलं, कधी दोघं मुलगे, कधी दोघी मुली, सुट्टीत गोव्याला, कोकणात, पुण्याला जाऊन हार घालतात आणि मी पण रजा टाकून जाते. उम्म सालेमला वाटतं माझ्या गावात सारखी लग्नंच असतात. मला विचारते, रंजना, तुझे नातेवाईक किती, मी बोलते, माशाल्ला, पुष्कळ. यांनी परवा माझी बॅग न सांगता भरून ठेवली, त्यांच्या भाषेत ते पुष्कळ बोलणं झालं.

आता एक करते. लग्नाला गेले की कॅमेरा बॅगेतच ठेवते आणि आधी बघते कुणाची आई आलीये का. आली असेल तर तिच्या शेजारी जाऊन बसते, पाणी देते, आणि सरळ तोंडाने विचारते, मावशी, तुमचा फोटो काढू ना? बहुतेक हो बोलतात. एखादी नको बोलते, तिचं पण मी ऐकते. पण खरं सांगू का, जास्त वेळा कुणी आलेलंच नसतं. तिकडे विचारायचं कुणाला? मग एक फोटो मी असा काढते की दोघांना थोडं बाजूला सरकवते. ती मुलं बोलतात, ताई, आम्ही मध्ये नाही आलो. मी बोलते, असू दे रे, इकडे जरा जागा राहू दे, आई अजून आली नाय.